कोपर पेलणारं टेबल

बडोदं हे बसणाऱ्यांचं गाव आहे. इथलं राज्यही गादीवर बसून चाललं. 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांच्या गोपाळरावांना इथे आणलं, ते गादीवर बसवायलाच. ‘कशाला आलास?’ असं विचारल्यावर त्या मुलाने ‘राज्य करायला’ असं सांगितलं, ही गोष्ट दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अजून पोरांना सांगतात. सांगणारे आजोबा अर्थातच बसलेले असतात. पुढे त्याच गोपाळरावांनी सयाजीराव म्हणून शाळा काढल्या, ग्रंथालयं काढली, 1908 मध्ये बँक काढली. नंतर संस्थान विलीन झालं, गादी गेली. बसण्याची सवय मात्र विलीनीकरणात कोणी लिहून दिली नाही.

ती सवय गावभर दिसते. जुन्या पोळांत प्रत्येक दाराला ओटला आहे आणि प्रत्येक ओटल्यावर संध्याकाळी माणूस आहे. ओटला नसेल त्या बंगल्यात हिंचका आहे. हिंचक्याला जागा नसेल त्या फ्लॅटमध्ये गॅलरीत लोंबती खुर्ची आहे. पाहुणा दारात दिसला की ‘आवो, बेसो’ हे दोन शब्द एका दमात येतात. पाणी, चहा आणि येण्याचं कारण हे सगळं त्यानंतर. माणूस गेला तरी पांढरे कपडे घालून लोक दोन तास बसायला येतात आणि बसण्याची वेळ पेपरात छापून येते.

उभं राहायला आमचा विरोध नाही, पण त्याची ठिकाणं ठरलेली आहेत. सेव-उसळ उभ्याने खायची. उतरायणाला गच्चीवर दिवसभर उभं राहून आकाशाकडे बघायचं. नवरात्रात अनवाणी पायांनी नऊ रात्री गोल फिरायचं. तेव्हा ज्यांना एरवी बँकेच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहवत नाही, त्यांचेही गुडघे एकदम निरोगी होतात. हे सगळं घराबाहेरचं. घरात मात्र उभा माणूस दिसला की लोक काळजीने विचारतात, ‘केम ऊभा छो? क्यांक जवानुं छे?’

अशा गावात मी घरी उभं राहून काम करायचं टेबल घ्यायला निघालो.

कारण नेहमीचंच. घरून काम सुरू झालं, जेवणाचं टेबल हे ऑफिस झालं, मग मान आणि खांदे यांनी आपापलं अस्तित्व दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी ‘बसणं कमी करा’ असं सांगितलं, ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसूनच. घरी येऊन मी या विषयावर वाचायला लागलो तर बसण्याबद्दल इतकं भयंकर लिहिलेलं होतं की वाचता वाचता उठून उभा राहिलो.

या सगळ्या भीतीच्या मुळाशी एक जुना आणि खरा अभ्यास आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. 1953 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी, असं त्यात दिसलं. कंडक्टर दिवसभर बसचा जिना चढत-उतरत तिकिटं फाडत. पुढे ही बातमी हातोहात फिरली आणि फिरता फिरता तिच्यातला जिना गळून पडला. उरलं नुसतं उभं राहणं, आणि ते टेबलवाल्यांनी उचललं. नुसतं उभं राहून किती कॅलरी जळतात, याचाही हिशेब 2018 मध्ये झालाय. पासष्ट किलोच्या माणसाने सहा तास बसण्याऐवजी उभ्याने काढले तर जेमतेम 54 कॅलरी जास्त खर्च होतात. सेव-उसळीबरोबरच्या एका पावात हा सगळा पुरुषार्थ बुडतो. वरची तरी वेगळी.

तरीही मानेला आणि पाठीला बदल हवा असतो, हे खरंच. थोडं बसा, थोडं उभे राहा, मधून फिरून या, एवढंच त्या सगळ्या वाचनाचं सार निघालं. आजीने हे फुकट सांगितलं होतं. पण फुकट सांगितलेलं अमलात येत नाही. त्यासाठी दोन मोटारींचं टेबल लागतं.

उभ्याने काम करणाऱ्यांची परंपराही मोठी निघाली. हेमिंग्वे पुस्तकांच्या बुटक्या कपाटावर टाइपरायटर ठेवून उभ्याने लिहायचा. व्हिक्टर ह्यूगो गर्नसी बेटावर, समुद्र दिसेल अशा काचेच्या खोलीत उभा राहून लिहीत असे. नाबोकोव्ह सकाळी उभ्याने सुरुवात करायचा, पाय दुखले की खुर्चीत बसायचा आणि शेवटी कोचावर आडवा व्हायचा. या तिघांपैकी बडोद्यात नाबोकोव्हच टिकला असता. आपल्याकडे कारकून आणि मुनीम जमिनीवर मांडी घालून उतरत्या पेटीवर लिहीत. उभे राहायचे ते कीर्तनकार आणि विठोबा. विठोबाचा अनुभव अठ्ठावीस युगांचा, पण त्यालाही पायाखाली वीट आहे आणि इथल्या विठ्ठलमंदिरातून तर देवउठी एकादशीला त्याचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघते. म्हणजे वर्षातून एकदा का होईना, त्यालाही फिरून यायला मिळतं.

बाजारात उतरल्यावर कळलं की उभं टेबल हे टेबलांच्या नव्हे, यंत्रांच्या जातीचं आहे. त्याला पाय नसतात, ‘कॉलम’ असतात. फळी वेगळी मिळते, सांगाडा वेगळा. कॉलम दोन टप्प्यांचा असेल तर टेबल साधारण 70 सेंटिमीटरपासून 120 पर्यंत जातं. तीन टप्प्यांचा असेल तर साठीच्या आसपास खाली उतरतं. हा फरक आपल्याला महत्त्वाचा, कारण नेहमीची 30 इंची टेबलं ज्या माणसांच्या मापाने बनली ती माणसं आपल्या घरात राहत नाहीत. साडेपाच फुटांच्या माणसाचं कोपर बसल्यावर 26-27 इंचांवर येतं, उभं राहिल्यावर 41 इंचांच्या आसपास. हात काटकोनात ठेवून कोपर जिथे येतं तिथे किंवा केसभर खाली टेबलाची कड हवी, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. एवढं जमलं तर बाकीच्या बटणांची गरज नाही. पण बटणं असतातच. चार उंच्या लक्षात ठेवणारी बटणं असतात, चार्जिंगचं भोक असतं, आणि वर जाताना कशाला धडकलं तर आपोआप थोडं खाली येणारी यंत्रणा असते. ही शेवटची गोष्ट माणसांतही असती तर पोळातली निम्मी भांडणं मिटली असती.

सगळ्यात मनोरंजक ओळ तपशिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती. मोटार सलग दोन मिनिटं चालवली की तिला अठरा मिनिटं विश्रांती द्यायची. माझ्या आरोग्यासाठी जी वस्तू आणायची, तिची विश्रांती आधीच कागदावर ठरलेली. इतक्या सोयीचा करार आजवर कुठल्याच नोकरीत माझ्या वाट्याला आलेला नाही.

मजबुतीचा मुद्दा निघाला की प्रत्येक दुकानदार वजनावर येतो. ‘एकशे वीस किलो उचलतं, साहेब.’ एका जाहिरातीत तर एक गोरा तरुण टेबलावर उभा राहून हसत होता. आमच्याकडे टेबलावर चढतात ते दिवाळीच्या आधी पंखा पुसायला, आणि तेव्हा कोणी हसत नाही. पण मुद्दा तो नाही. वजन पेलणं आणि न हलणं ही दोन वेगळी खाती आहेत. वजन सरळ खाली जातं आणि पोलादी नळी ते मुकाट्याने घेते. टेबल हलतं ते बाजूने लावलेल्या जोराने. कॉलम खाली असतो तेव्हा नळ्या एकमेकींत खोल गेलेल्या असतात. टेबल वर जातं तसं आतलं अडकलेलं अंतर कमी होतं, फळी जमिनीपासून लांब जाते आणि तिला दिलेला लहानसा धक्का वर मोठा होऊन पोचतो. म्हणून दुकानात बसायच्या उंचीवर दाखवलेलं टेबल नेहमी भक्कम वाटतं. ते आधी पूर्ण वर न्यायला लावायचं आणि मग हात लावायचा. डावी-उजवीकडे हललं तर दोन कॉलमांमध्ये आडवी पट्टी आहे का ते पाहायचं. मागे-पुढे हललं तर जमिनीवरचा पाय आखूड आहे किंवा कॉलम फळीच्या मध्यावर नाही, एवढं समजून पुढच्या दुकानात जायचं.

मजबुतीची धास्ती या गावाला नवी नाही. लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आपले हिशेब चुकले आहेत, आपले वाडे उभे राहणार नाहीत, या विचाराने त्याचं मन ढळलं, असं सांगतात. 1881 मध्ये तो गेला. मग चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने काम हाती घेऊन 1890 मध्ये पॅलेस पुरा केला. भूकंप आले, पूर आले, पर्यटक आले. पॅलेस जागचा हललेला नाही. बिचाऱ्या मँटला कोणी आधी आमच्या गल्लीत आणायला हवं होतं. ‘कांई नहीं थाय’ हे वाक्य इथे कुठल्याही बांधकामाला, कुठलाही हिशेब न पाहता, मोफत मिळतं.

हे वाक्य सोडलं तर बडोद्यात तांत्रिक सल्ल्याला तोटा नाही. सयाजीरावांनी 1890 मध्येच त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन सोपवून पोरांना यंत्र आणि रंग शिकवायला सुरुवात केली. दादासाहेब फाळकेही तिथेच शिकायला आले होते. पुढे 1965 मध्ये कोयलीला रिफायनरी आली, मग खतं आली, रसायनं आली, मकरपुऱ्यात जीआयडीसीची औद्योगिक वसाहत आली. परिणाम असा की गावातल्या प्रत्येक सोसायटीत प्रत्येक मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर आहे आणि त्याला संध्याकाळी काम नाही. माझ्या टेबलाची बातमी लिफ्टमधून वर गेली आणि जिन्याने खाली आली. त्यानंतर निर्णय माझा राहिला नाही.

शेजारचे काका वेल्डिंगमधले. त्यांनी तत्त्व मांडलं की सांधा दिसला पाहिजे. झाकलेल्या सांध्यावर विश्वास ठेवू नये. वरच्या मजल्यावरचे काका तपासणी खात्यातले. ते ‘सॅम्पल कुठे आहे?’ एवढंच विचारत राहिले. तळमजल्यावरच्या काकांनी तीस वर्षं पंप सांभाळले होते. त्यांच्या मते कुठलीही हलणारी वस्तू घरात आणणं हाच मूळ दोष. ‘जे वरखाली होतं ते एक दिवस मध्येच अडकतं,’ असं म्हणून ते आमच्या लिफ्टकडे बघत. तिघांचं एकाच बाबतीत एकमत झालं. मी घेतो आहे ते महाग आहे आणि मकरपुऱ्यात अर्ध्या किमतीत होईल.

मकरपुऱ्यातला फॅब्रिकेटर भला माणूस होता. त्याने कामाचं स्वरूप विचारलं. मी ‘लॅपटॉप’ म्हणालो. ‘वजन?’ मी दीड किलो सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्याकडे कारखान्यांची फाटकं आणि मशीनखालची स्टँडं बनत. त्याने दीड किलोसाठी दोन इंची चौकोनी पाइप, चार कोपऱ्यांना तिरके टेकू आणि जमिनीत बोल्ट मारायची सोय, असा नकाशा तिथेच फरशीवर खडूने काढला. रंगाचे पर्याय दोन. फाटकाचा करडा आणि मशीनचा हिरवा. त्यावर लेथ ठेवला असता तरी टेबलाला पत्ता लागला नसता. अडचण एवढीच की एकदा बसवलं की ते उभंच राहणार होतं, आणि सोबत मीही.

मग मिस्त्री. बडोद्याचा मिस्त्री कुठल्याही वस्तूत कप्पा शोधतो. ‘मोटर शुं काम? ऊंचुं टेबल बनावी दऊं, जोडे ऊंची खुरसी.’ म्हणजे उभं राहायच्या टेबलापाशी बसायची सोय त्याने पहिल्याच वाक्यात करून दिली. त्याने 710 चा, म्हणजे पाण्याला दाद न देणारा, प्लाय सांगितला, 19 एमएमचा, दोन थर चिकटवून. सनमायकाचा कॅटलॉग काढला, खाली दोन ड्रॉवर, बाजूला पुस्तकांची मांडणी, आणि ‘उपर भगवाननुं नानुं मंदिर’. प्रत्येक भर घालताना तो ‘मजबूत थशे’ म्हणायचा. त्याची मजबुतीची व्याख्या सरळ होती. जे चार माणसांनाही सरकवता येत नाही ते मजबूत.

एका सुटीच्या दिवशी संखेड्यालाही गेलो. बडोद्यापासून तासाभराच्या वाटेवरचं हे गाव आता छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. तिथले खरादी सागवान खरादावर फिरवतात, त्यावर रंग आणि लाख चढवतात, केवड्याच्या पानांनी आणि अकीकाने घोटून ते असं चमकवतात की खुर्चीच्या पायात तोंड बघावं. भौगोलिक मानांकनही त्यांना मिळालेलं आहे. मी एका कारागिराला उंच टेबलाच्या पायांबद्दल विचारलं. त्याने मन लावून ऐकलं, हाताने उंची दाखवली, लाल-सोनेरी आणि तपकिरी असे दोन नमुने पुढे ठेवले आणि मग अगदी हळुवारपणे विचारलं, ‘हिंचको बताडुं?’ समोरच हिंचका टांगलेला होता. त्यावर बसून मी टेबलाबद्दलचं उरलेलं बोलणं केलं. हिंचक्यावर बसलेला माणूस उभ्या टेबलाची बाजू फार वेळ मांडू शकत नाही.

घरात मात्र वेगळाच प्रश्न अडला होता. आईने विचारलं, ‘पाण्यात फुगतं का?’ बडोद्यात लाकडी वस्तू घेताना हा प्रश्न विचारला नाही तर माणूस बाहेरगावचा समजावा. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट. 2024 च्या ऑगस्टमध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. रस्त्यांवर मगरी आल्या आणि तळमजल्यांवरचं भुशाच्या फळीचं सगळं फर्निचर फुगून उमललं. पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली कपाटांचे ढीग लागले होते. तेव्हापासून इथे फर्निचरच्या दुकानात प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांतला फरक शाळकरी मुलंही सांगतात. दुकानदाराने आईला समजावलं की हे टेबल तर बटण दाबलं की वर जातं, मोटारीही वर फळीखाली असतात. आई म्हणाली, ‘नदी पस्तीस फूट चढते, तुमचं टेबल चार. आणि पाणी आलं की पहिली लाइट जाते.’ त्यानंतर दुकानदाराने पाण्याचा विषय काढला नाही. फळी मात्र सरळ 710 चीच घ्यायची, हे तिथेच ठरलं.

शेवटी मधला मार्ग निघाला. सांगाडा दोन मोटारींचा आणि आडव्या पट्टीचा, बाहेरून मागवलेला, फळी मिस्त्रीकडून. तिघे काका जोडणीला हजर होते. वेल्डिंगच्या काकांनी सांधे पाहिले, तपासणीच्या काकांनी पाणसळ लावली, पंपाच्या काकांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि बटण दाबायला सांगितलं. टेबल वर गेलं, पाणी सांडलं नाही. काका थोडे हिरमुसले.

आणि मग टेबल घरचं झालं. आपल्या घरांत सपाट पृष्ठभाग रिकामा राहू शकत नाही, हा निसर्गनियम आहे. पहिल्या दिवशी लॅपटॉप आला, मागोमाग इस्त्रीचे कपडे आले, पाठोपाठ लोणच्याची बरणी, कारण उन्हाची तिरीप नेमकी तिथे येत होती. बायकोने उंची बदलून त्यावर ब्लाउज बेतला आणि कटिंग मास्टर उभ्याने का कापतात ते मला समजावून दिलं. मुलाला चार बटणं म्हणजे व्हिडिओ गेम वाटला. भाद्रपदात गणपती बसवायला त्याहून चांगली जागा घरात नव्हती. मखर त्यावर बरोबर मावलं. आरतीच्या मध्यावर मुलाने बटण दाबलं आणि गणपती टाळ्यांच्या ठेक्यावर हळूहळू वर जाऊ लागले. आत्याने हात जोडले, डोळे मिटले. तोरणाला मुकुट लागला तशी मोटारीची ती समजूतदार यंत्रणा चालली आणि देव दोन बोटं खाली आले. यंदा पुष्कळ नातेवाइकांनी आधीच विचारून ठेवलंय की आरती किती वाजता आहे.

हे सगळं टेबलाने पेललं. वजनाच्या खात्यात ते नापास झालंच नाही. खरी परीक्षा कोणी जाहिरातीत लिहीत नाही, ती पुढे आली. 41 इंच ही फार धोक्याची उंची आहे. साधारण याच उंचीला पानाचा गल्ला असतो, सेव-उसळीच्या दुकानापुढचं स्टीलचं टेबल असतं, औषधवाल्याचा काउंटर असतो. या उंचीला फळी दिसली की बडोदेकराचं कोपर आपोआप तिच्यावर जातं. मी बसून काम करायचो तेव्हा येणाऱ्याला खुर्ची द्यावी लागायची, चहा विचारावा लागायचा. त्यामुळे लोक जरा विचार करून यायचे. आता मी उभा दिसतो म्हटल्यावर कोणी बसत नाही. ‘ना ना, बेसवुं नथी, ऊभो ऊभो जाऊं छुं’ असं म्हणून एक कोपर टेकतं, वजन एका पायावर जातं, दुसरा पाय मागे दुमडतो, आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून दिल्लीपर्यंतचे विषय त्या कोपरावर उभे राहतात. बसलेला माणूस कधीतरी उठतो. उभ्या माणसाला उठायचंच नसतं.

कोपराचा जोर बाजूने येतो, आणि विषयानुसार बदलतो. क्रिकेट निघालं की तो पुढे येतो, राजकारणाला आडवा, मुलाच्या अमेरिकेतल्या पगाराला एकदम खाली. एकशे वीस किलो उचलणारी टेबलं या जोरापुढे थरथरलेली मी इतरांच्या घरी पाहिली आहेत. स्क्रीन हलते, अक्षरं नाचतात, ऑनलाइन मीटिंगमधल्या साहेबांना भूकंप वाटतो आणि इकडे काकांची गोष्ट अजून 1978 मध्येच असते.

तेव्हा कोणी सल्ला विचारला तर मी वजन, मोटार, वॉरंटी हे सगळं सांगतो. कोपराची उंची मोजा, तीन टप्प्यांचा कॉलम घ्या, आडवी पट्टी पाहा, फळी फुगणारी नको. पण दुकानात एकट्याने जाऊ नका. शेजारच्या निवृत्त काकांना सोबत न्या. टेबल पूर्ण उंचीला चढवायला लावा, काकांना त्यापाशी उभं करा, त्यांचं कोपर फळीवर आलं की शांतपणे विचारा, ‘काका, तुमच्या वेळी कंपनीत कसं होतं हो?’ मग शोरूम हिंडून या. परत येईपर्यंत टेबल हललेलं नसेल तर ते घ्या. किमतीसाठी घासाघीस करायची गरज पडत नाही. काकांना लवकर घरी नेणार असाल तर दुकानदार स्वतःच दहा टक्के कमी करतो.